एका दिवसाचं लायसन्स

सप्टेंबरचा दुसरा शनिवार. रक्कम चौतीस डॉलर. हजर माणसं तीन: मी, माझे वडील आणि माझा साडू.

वडील तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून ते दहा आठवड्यांसाठी दक्षिण गोलार्धातल्या या देशात, आमच्याकडे टाकानिनीला आले होते आणि त्यांचं परतीचं विमान पुढच्या मंगळवारी होतं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. ओटाहुहुला राहतो, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, सगळ्यांना आवडणारा. चौतीस डॉलर ही परदेशातून आलेल्या माणसाला इथल्या तळ्यात एक दिवस ट्राउट मासे पकडायच्या लायसन्ससाठी भरावी लागणारी रक्कम. ती मी भरलेली नव्हती.

बाबांना एक मोठा मासा गळाने काढायचा होता. ही इच्छा त्यांनी मला लहानपणापासून निदान वीस वेळा सांगितली असेल. इच्छा म्हणून कधी सांगितली नाही, गोष्ट म्हणून सांगितली.

आमच्या गावच्या तलावातल्या माशांचा दर वर्षी लिलाव व्हायचा. ज्याने ठेका घेतला, मासा त्याचा. ठेका आमच्या वस्तीत कधी आला नाही, येणारही नव्हता. पाण्याच्या बाबतीत आमच्या लोकांना काय काय सोसावं लागलं ते इथे सांगत बसत नाही, वाचणाऱ्याला माहीत आहे. फक्त बोटाएवढे बारके मासे ठेक्यात मोजत नसत. ते वस्तीतल्या बायका आणि पोरं जुन्या लुगड्याच्या फडक्याने उथळ पाण्यातून उपसायची. अकरा वर्षांचे असताना बाबांनी बांबूची काठी केली, गळ मिळवला आणि संध्याकाळी बंधाऱ्याच्या टोकाला बसले. मरळ लागली. किती मोठी ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, कारण ती पाण्याबाहेर यायच्या आत ठेकेदाराचा माणूस आला. त्याने काठी हातातून घेतली, गुडघ्यावर ठेवून मोडली आणि दोन्ही तुकडे पाण्यात टाकले. मरळ दोरा घेऊन गेली.

"मारलं नाही त्यानं," बाबा प्रत्येक वेळी हे सांगायचे. "काठी मोडली फक्त."

पुढे बाबा शिकले, पाटबंधारे खात्यात कारकून झाले, एकतीस वर्षं त्यांनी तलावांच्या आणि कालव्यांच्या फायली सांभाळल्या. पण गळ पुन्हा हातात धरला नाही. नोकरीत असताना ते बरं दिसलं नसतं आणि निवृत्त झाल्यावर सोबत नव्हती, असं ते म्हणत. आई गेल्यावर तर घराबाहेर पडणंच कमी झालं.

मी इथे मासे पकडायला शिकलो ते पेनरोजच्या डेपोत. मी तिथे मालाचा हिशेब ठेवतो. आत किती खोकी आली, बाहेर किती गेली, आणि फरक पडला तर तो कुठे पडला, हे शोधणं माझं काम. माझ्याबरोबर कॅनडाहून आलेला एक माणूस होता. त्याच्या गावी हिवाळ्यात तळं गोठतं, मग बर्फाला गिरमिटाने भोक पाडायचं आणि भोकात गळ सोडून उलट्या बादलीवर बसायचं. तिथेही ट्राउट आणि स्मेल्टच. स्मेल्ट म्हणजे बोटाएवढा चांदीच्या रंगाचा मासा. ट्राउट त्याच्यावर जगतो. इथली तळी गोठत नाहीत, पण ट्राउट आणि स्मेल्ट इथेही आहेत. सप्टेंबरात इथली थंडी सरायला लागली की स्मेल्टच्या झुंडी काठाजवळ येतात आणि ट्राउट त्यांच्या मागे येतो. त्या माणसाने मला रॉड कसा धरायचा ते दाखवलं. आता तो परत गेला, पण सवय मला लावून गेला.

ही बर्फाची हकीकत मी बाबांना सांगितली तेव्हा ते खूप हसले.

"बर्फाला भोक पाडून? मंग तिथं ठेकेदार कुठं बसते? बर्फावरच?"

"तिथे ठेकेदार नसतो बाबा. सरकारी लायसन्स असतं. पैसे भरले की कोणीही पकडू शकतो."

"कोणीबी?"

"कोणीही."

ते म्हणाले, "हे बरं हाय."

तळ्यावर जायचं शनिवारी, असं ठरलं. गुरुवारी संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. आमच्याकडे वर्षाचं फॅमिली लायसन्स आहे. त्यात मी, बायको आणि मुलगी बसतो. वडील बसत नाहीत. मी नियम दोनदा वाचला. नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं, एवढीच फॅमिली. बाबांसाठी वेगळं, परदेशी पाहुण्याचं, एका दिवसाचं. चौतीस डॉलर.

"बाबा, तुमचं लायसन्स काढावं लागेल. चौतीस डॉलर."

"म्हणजे किती?"

मी पन्नासने गुणलं. "सतराशे रुपये."

"एका दिवसाच्या माशाला सतराशे? काहून? राहू दे. मी बसून पाहतो."

मी लॅपटॉप बंद केला.

याच्याविषयी मला इथे नीट लिहायचं आहे, कारण चूक झाली ती इथे झाली. तळ्यावर जे झालं ते नंतरचं. आमच्याकडे पाहुणा जेवताना "नको" म्हणाला तर वाढणारा हात मागे घेत नाही. निदान तीनदा आग्रह होतो. पहिलं "नको" ही नुसती रीत असते. दुसरं पोट बघून म्हटलेलं असतं. तिसरं खरं. माझी आई पाहुण्याने ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून भात सोडायची. ही रीत मला माहीत नव्हती असं नाही, मी तिच्यातच वाढलो. पण एकोणीस वर्षं मी अशा लोकांत काम करतो आहे जे चहाला "नो थँक्स" म्हणतात आणि त्यांना खरंच चहा नको असतो. मलाही ते सोपं वाटायला लागलं होतं. विचारलं, उत्तर मिळालं, पुढचं काम. शिवाय त्या महिन्यात घराच्या हप्त्याचा व्याजदर बदलला होता, हेही लिहून ठेवतो. म्हणजे चौतीस डॉलर वाचले याचं मला बरं वाटलं होतं. ते नाकारण्यात अर्थ नाही.

बायको भांडी पुसत होती. बाबा झोपायला गेल्यावर ती म्हणाली, "त्यांनी राहू दे म्हटलं आणि तुम्ही राहू दिलं?"

"त्यांनाच बघायचंय नुसतं. तू ऐकलंस ना?"

"मी ऐकलं. तुम्ही ऐकलं नाही." एवढं बोलून ती दिवा बंद करून गेली.

शुक्रवारी मला वेळ होता. दुपारच्या सुट्टीत पाच मिनिटांचं काम होतं. मी केलं नाही.

शनिवारी साडेचारला निघालो. बाबांनी माझं जुनं फुगीर जाकीट घातलं होतं, कानटोपी आणि दोन पायमोजे. साडू गाडी चालवत होता आणि बाबा पुढे बसले होते. मी मागे, रॉड माझ्या खांद्यावर आडवे. वाटेत गंधकाचा वास येणारं गाव लागलं तेव्हा बाबांनी काच खाली करून नाक बाहेर काढलं.

"दिवाळी झाली काय इथं?"

"काका, जमिनीतून येतो वास," साडू म्हणाला. "इथले लोक म्हणतात सवय होते."

"वासाची होते. थंडीची नाही होत वाटते?"

"थंडीसाठी थर्मास आणलाय की. आलं घालून."

सातला तळ्यावर पोचलो. माझ्या मासेमारीच्या वहीत तापमान उणे एक लिहिलेलं आहे. गवत पांढरं होतं आणि पायाखाली कुरकुरत होतं. पहिल्या चार-पाच फेकीतच रॉडच्या कड्यांत बर्फ धरला. ओला दोरा त्यातून जाईना. कडं तोंडाजवळ नेऊन फुंकून बर्फ वितळवायचा आणि मग पुन्हा फेकायचं. बाबांना ते फार आवडलं. घडीची खुर्ची त्यांना पाण्यापासून दोन पावलांवर मांडून दिली होती. तिच्यात बसून ते माझ्याकडे आणि साडूकडे आळीपाळीने बघत होते.

"बासरी वाजवून राहिले काय रे दोघं?"

साडू म्हणाला, "काका, तुम्ही ताल धरा."

पाऊण तास काही लागलं नाही. बाबाच म्हणाले, "बाबू, तिकडं फेकून काय फायदा? इकडं पाहा. लव्हाळ्याच्या कडेला." बाबा मला बाबूच म्हणतात. मी पाहिलं, मला नुसतं पाणी दिसलं. "बारके पळून राहिले, दिसत नाहीत? पाणी थरथरते ते. खाली मोठा हाय." मग मलाही दिसलं. काठापासून आठ-नऊ मीटरवर पाण्यावर सुईच्या टोकांसारखे ठिपके उठत होते आणि एकदम विझत होते. स्मेल्ट.

साडू तिथे जवळ होता. त्याने बाबांच्या बोटाच्या रोखाने फेकलं. आमचं आमिष म्हणजे स्मेल्टसारखाच दिसणारा चकाकता पत्रा, त्याला गळ. दुसऱ्या फेकीला लागला. आठ वीसला मासा काठावर, वजन एक किलो चारशे ग्रॅम.

बाबा खुर्चीतून उठले. त्यांनी माझ्याकडून सुरी मागून घेतली आणि दगडावर उकिडवे बसून मासा साफ केला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते किती सहज उकिडवे बसतात ते पाहून साडूने फोटो काढला. बाबांनी पोट चिरलं आणि आतलं बोटाने पसरून मोजलं. सतरा स्मेल्ट. काही अजून चमकत होते.

"हे आमचे," बाबा म्हणाले. "फडक्यानं धरत होतो ते. असेच. याले कोणी विचारत नव्हतं." मग ट्राउटवर हात ठेवून म्हणाले, "आन् हा ठेक्यातला."

साडू म्हणाला, "काका, मासा तुमचाच आहे खरं तर. तुम्ही दाखवला. आता तुम्हीच फेका एकदा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "नको. लायसन्स नाही त्यांचं."

"भाऊजी, इथे कोण बघतंय? ते काळे हंस?"

"कोण बघतंय त्याच्यावर नसतं ते. पकडलं तर रॉड जप्त होतो, दंड होतो, कोर्टापर्यंत जातं. ते व्हिजिटर व्हिसावर आहेत. पुढच्या वेळी अर्जात लिहावं लागेल."

"एका फेकीसाठी?"

"एका फेकीसाठीसुद्धा."

"राहू दे रे," बाबा साडूला म्हणाले. "मी बसतो. मले इथून चांगलं दिसते."

हे दुसरं "राहू दे". ते खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी हात जाकिटाच्या बाह्यांत ओढून घेतले.

मी म्हणत होतो ते चूक नव्हतं. आजही मला तसंच वाटतं. पण माझ्या खिशात फोन होता आणि फोनला दोन काड्या रेंज होती. लायसन्स तिथल्या तिथे काढता येतं. नियम पाळायचा आणि बाबांच्या हातात रॉडही द्यायचा, हे दोन्ही जमण्यासारखं होतं. ते मला त्या वेळी सुचलं नाही असं मी बायकोला सांगितलं. सुचलं होतं. आता दिवसाचे दोन तास गेले, उरलेल्या वेळासाठी पूर्ण चौतीस कशाला, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. मी तो इथे लिहितो आहे, कारण दुसरीकडे कुठे लिहिलेला नाही.

मी काठाने चाळीसेक पावलं पुढे गेलो. तिथून बाबांची पाठ दिसत होती.

दहा वाजले असतील. साडूने थर्मास काढला आणि मी पाहतो तर त्याने रॉड बाबांच्या हातात दिला होता. नंतर त्याने मला शपथेवर सांगितलं की तो एवढंच म्हणाला होता, "काका, दोन मिनिटं धरा, मी चहा ओततो." आमिष पाण्यातच होतं. बाबांनी रॉड नुसता धरून ठेवला नाही. त्यांनी रीळ फिरवायला सुरुवात केली. जन्मात कधी रीळ फिरवलेलं नाही, पण हात बरोबर चालत होता. थोडं ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. आजारी स्मेल्ट पोहतो तसं. मला ते शिकायला एक अख्खा हंगाम लागला होता.

मी ओरडणार होतो. तेवढ्यात रॉड वाकला.

"लागला!" बाबा ओरडले. "बाबू, लागला! लागला रे!"

मी त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ते हसत होते. कानटोपी डोळ्यांवर आली होती आणि ती सारायला त्यांचा हात रिकामा नव्हता. मासा एकदा पाण्याबाहेर उसळला. साडूच्या माशापेक्षा मोठा होता, ते मी खात्रीने सांगतो.

आणि त्याच वेळी गाड्या लावायच्या जागेत एक पांढरी यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, वळली. दारावर कसलंतरी चिन्ह. मागच्या वर्षी लायसन्स तपासायला आलेला माणूस अशाच गाडीतून आला होता.

मी धावलो. चाळीस पावलं, बुटांत पाणी, गोठलेलं गवत. बाबांनी मला येताना पाहिलं. मी जाळं घेऊन मदतीला आलो असं त्यांना वाटलं. मला जागा व्हावी म्हणून ते एक पाऊल बाजूला सरकले. मी त्यांच्या हातातून रॉड काढून घेतला. त्यांची बोटं पटकन सुटली नाहीत, म्हणून जोराने काढला. त्या झटक्यात दोरा सैल पडला. मासा गेला.

यूटमधून नारिंगी जाकीट घातलेला माणूस उतरला. त्याच्या एका हातात कागदाची मोठी गुंडाळी होती, दुसऱ्या हातात कचऱ्याच्या पिशव्या. तो कौन्सिलचा माणूस होता. तळ्याकाठच्या संडासात कागद भरायला आला होता.

"किया ओरा!" त्याने लांबूनच हात केला. "एनी लक?"

साडू चहाचा कप हातात धरून उभा होता. "हॅड वन," तो म्हणाला. "लॉस्ट इट."

"सॉरी, मेट." आणि तो आपल्या कामाला गेला.

मी रीळ गुंडाळत राहिलो. दोऱ्याच्या टोकाला पत्रा तसाच होता, गळ सरळ, काही मोडलेलं नव्हतं. बाबांनी कानटोपी वर सारली. आपल्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या रॉडकडे.

"काठी मोडली नाहीस," ते म्हणाले. "एवढं बरं केलंस."

आवाजात राग नव्हता.

मी फोन काढला. "बाबा, थांबा. आत्ता काढतो लायसन्स. पाच मिनिटं. अजून अख्खा दिवस आहे."

"आता नको."

"अहो, पैशाचा प्रश्न नाही. काढतो मी."

"आता नको म्हटलं ना बाबू."

हे तिसरं. तिसरं खरं असतं हे मी वर लिहिलंच आहे. पण त्या वेळी मला आग्रह आठवला. दोन दिवस उशिरा. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी मी त्यांचं नाव भरलं, जन्मतारीख एक जून भरली, जी त्यांच्या मास्तरांनी शाळेत घालताना अंदाजाने लिहिली होती. कार्डाचा नंबर भरला. दहा वाजून बारा मिनिटांनी चौतीस डॉलर गेले आणि लायसन्स आलं. मी फोन त्यांच्यापुढे धरला.

"हे बघा. तुमच्या नावाचं."

त्यांनी खिशातून चष्मा काढून वाचलं. पूर्ण वाचलं, एकतीस वर्षं कागद वाचायची सवय. मग फोन मला परत दिला, थर्मासचं झाकण नीट लावलं आणि गाडीत जाऊन बसले. आम्ही साडेअकरापर्यंत तिथे होतो. मला वाटत होतं ते येतील. साडू दोनदा गाडीपर्यंत जाऊन आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "भाऊजी, चला आता. काका झोपले नाहीत, डोळे मिटून बसलेत नुसते."

घरी बायकोने ट्राउटचं कालवण केलं, जवस घालून, बाबांना आवडतं तसं. बाबांनी दोनदा वाढून घेतलं आणि चवीचं कौतुक केलं. मुलीने विचारलं, "आजोबा, डिड यू कॅच एनी?" ती मराठी सगळं समजते, बोलते इंग्रजीत.

"एक लागला होता," बाबा म्हणाले. "मोठा होता."

"देन व्हॉट हॅपन्ड?"

"मंग ठेकेदार आला." आणि ते हसले. तिला ती गोष्ट माहीत होती. तिला वाटलं आजोबा जुनी गोष्ट सांगतायत. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. साडूने आधीच तिच्या बहिणीला फोन करून सगळं सांगितलेलं होतं.

मंगळवारी त्यांना विमानतळावर सोडलं. आत जाताना त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, माझा खांदा दाबला, "तब्येत सांभाळ" म्हणाले. भांडण नाही, अबोला नाही. दर रविवारी फोन होतो. पुढच्या हिवाळ्यात या, असं मी दर वेळी म्हणतो. राहू दे, ते म्हणतात. मी आग्रह करतो. तीनदा, चारदा. ते राहू देच म्हणतात.

त्या शनिवारनंतर मी तीन महिने तळ्यावर गेलो नाही. डिसेंबरच्या सुट्टीत साडूने ओढून काढलं, म्हणून आदल्या दिवशी गॅरेजमध्ये आमिषांची पेटी उघडली. पेटीला वरती कप्पे आहेत, खाली एक खोल खण. खणात डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, आणलेल्या पावाची रिकामी कागदी पिशवी चौकोनी घडी करून ठेवलेली होती. आत एक वीसची नोट, एक दहाची नोट आणि दोन डॉलरची दोन नाणी. चिठ्ठी नव्हती.

मी मुलीला विचारलं. ती सोफ्यावरून उठलीसुद्धा नाही.

"ओह, दॅट. आजोबा आणि मी कोपऱ्यावरच्या डेअरीत गेलो होतो ना, त्या मंडेला. त्यांच्याकडे फिफ्टी डॉलर्सची नोट होती, मामांनी येताना मुंबई एअरपोर्टवर दिलेली. ही वॉन्टेड एक्झॅक्ट चेंज. आय थॉट इट वॉज फॉर द बस, पप्पा."

"किती हवेत म्हणाले?"

"थर्टी-फोर. ही सेड इट लाइक टेन टाइम्स. शॉपवाला अंकल लाफ्ड."

त्या रविवारी मी फोन केला. ते अंगणात होते, मागे कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. हवापाणी झालं, गुडघ्याचं झालं. मग मी म्हणालो, "बाबा, पेटीतले पैसे मिळाले."

"आता मिळाले?"

"आता उघडली पेटी."

"बरोबर होते ना? मोजून घेतले?"

"कशाला ठेवले तुम्ही? मी परत करतो. मी मागितले होते का?"

"लायसन्स माझ्या नावावर होतं ना?"

"हो."

"मंग पैसे कोणाचे लागतील? माझेच लागतील. मोजले का तू?"

"मोजले. चौतीस."

"मंग झालं."

त्यांनी फोन ठेवला. नोटा आणि नाणी अजून त्याच पिशवीत, पेटीच्या खालच्या खणात आहेत. मी ती खर्च केलेली नाहीत आणि परत पाठवली तर ते घेणार नाहीत. लायसन्सचे चौतीस डॉलर मी ते देणाऱ्या सरकारी कार्यालयाला दिले. ते चौतीस डॉलर बाबांनी मला दिले. माझे काहीच लागले नाहीत.